कमी सिमेंटचा स्लॅब

३ फेब्रुवारी, सोमवार

नवरा जहाजावर असला की आमचं फोनवरचं बोलणं म्हणजे आधी "ऐकू येतंय का?" आणि शेवटी "तुटतंय, ठेवतो." मधलं सगळं राहून जातं. म्हणून यावेळी निघताना तो म्हणाला, लिहून ठेव, आल्यावर वाचीन. तो वाचणार नाही हे मला माहीत आहे. तरी लिहिते.

आजची बातमी मोठी आहे. दवाखान्याच्या आवारात नवं प्रसूतिगृह बांधतायत, त्याच्या छताला आमच्या लॅबचं काँक्रीट वापरायचं ठरलं. आजवर आमच्या मिश्रणाचे फुटपाथ झाले, कुंपणाच्या भिंती झाल्या, एक सायकलस्टँड झाला. डोक्यावर घ्यायचं छत पहिल्यांदाच.

आमच्या काँक्रीटमध्ये सिमेंट नेहमीच्या निम्म्याहून कमी. उरलेली जागा भाजलेली माती आणि पोलादाच्या भट्टीतली दळलेली मळी घेते. सिमेंट तयार करताना जो धूर आभाळात जातो तो तेवढा वाचतो. दोष एकच, हे काँक्रीट धरायला वेळ लावतं, आणि थंडीत तर फारच. ते कधी धरतं, आतून किती तापतं, रोज किती घट्ट होतं, यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची हे माझं काम.

मिश्रण मात्र सरांचं. म्हणजे बाबांचं. सासरे लॅबचे प्रमुख आणि सून त्यांच्या हाताखाली, त्यामुळे गेटपाशी माझी जीभ बदलते, आत 'सर' आणि बाहेर 'बाबा'. मी आधी त्यांची विद्यार्थिनी होते. लग्नात ते सगळ्यांना सांगत सुटले होते, चांगली माणसं टिकत नाहीत लॅबमध्ये, म्हणून घरातला मुलगा खर्ची घातला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कंत्राटदार लॅबमध्ये आले होते. गाडीतून उतरल्यापासून परत बसेपर्यंत त्यांचा एकच प्रश्न, "झालं का?" मी मनातल्या मनात त्यांचं नाव झालंका ठेवून टाकलं आहे.

"मॅडम, लोक काय म्हणतील? सिमेंट कमी म्हणजे कंत्राटदाराने खाल्लं. उद्या तडा गेला तर माझ्या नावाने खडे फोडतील, तुमच्या नाही."

सरांनी त्यांना समोर बसवून सगळं समजावलं. मातीचा कण पाण्यात काय करतो, मळी का उशिरा जागी होते, सगळं. इतकं सोपं आणि इतकं सुंदर, की मी हातातलं काम सोडून ऐकत राहिले. झालंकाही गप्प झाले. मग उठताना सरांनी त्यांचा हात हातात घेतला आणि विचारलं, "बरं, आपण कशासाठी आला होतात?"

झालंका खो खो हसले. मीही. सरांची थट्टा अशीच, चेहऱ्यावरची रेषा हलत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. मीठ, साखर, चहा. अक्षर टपोरं, लांबून दिसेल असं.

मी म्हटलं, "हे काय?"

"तुझ्यासाठी गं. तुला कधी काही सापडत नाही."

लग्न होऊन नऊ वर्षं झाली, आणि साखर माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली तरी सापडेल. पण सासूबाईंच्या उत्साहाला नाही कसं म्हणायचं?

संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या शेजारीण बाबांना घेऊन खाली आल्या. ते त्यांच्या दाराला आमची किल्ली लावत होते. "बोलण्याच्या नादात एक जिना जास्त चढलो," बाबा म्हणाले. बोलत कुणाशी होते कोण जाणे. डोक्यात स्लॅब असणार. माझ्याही डोक्यात तोच आहे, काल मी फोन फ्रिजमध्ये ठेवला होता.

आई मात्र हसल्या नाहीत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

उद्या स्लॅब. आज दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरीणबाईंकडे बाळंतपणासाठी दोनच खोल्या आहेत, मध्ये पडदा. पडद्याच्या एका बाजूला एक बाई कळा देत होती आणि दुसऱ्या बाजूला दुसरी आपल्या बाळाला गप्प करत होती. तिसरी बाहेर बाकावर, नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टाकून बसलेली.

"तुमचं ते माती-मळीचं मला कळत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला छत द्या. उशीर झाला तरी चालेल असं मी म्हणणार नाही, कारण नाही चालणार."

आई हल्ली रोज बाबांबरोबर लॅबच्या गेटपर्यंत चालत येतात. "डबा देते आणि जाते, तेवढाच व्यायाम." डबा तर बाबांच्या हातात घरूनच असतो. म्हातारपणी प्रेम वाढतं म्हणतात ते खरं असावं. मी नवऱ्याला सांगितलं, शिक काहीतरी. तो म्हणाला, तुटतंय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पार पडलं! हात गळून गेलेत, पण लिहिल्याशिवाय झोपणार नाही.

सकाळीच कळलं की मुख्य रस्ता खोदलाय आणि काँक्रीटच्या गाड्यांना लांबचा वळसा पडणार. वाटेतच माल धरू नये म्हणून काँक्रीटमध्ये एक रसायन घालतात. नाव रिटार्डर, पण काँक्रीट कालवतात त्या प्लँटवर सगळे त्याला औषध म्हणतात. मी साइटवर सळयांना सेन्सर बांधत होते, तेव्हा सरांना लॅबमध्ये फोन करून सांगितलं की औषध थोडं वाढवायला हवं. ते म्हणाले, "मी बोलतो प्लँटशी. तू वायरींकडे बघ."

गाड्या आल्या. माल असा मऊ, असा गुळगुळीत, की जुना गवंडी थापी फिरवताना म्हणाला, "लोण्यासारखं चालतंय बाई." झालंकांनीसुद्धा आज "झालं का"च्या ऐवजी "झालं!" म्हटलं. सेन्सरच्या वायरी एका खोक्यात आणून जोडल्या. आता स्लॅबच्या आतलं तापमान लॅबमध्ये बसून दिसेल. काँक्रीट धरायला लागलं की तापतं, आणि रेघ वर चढायला लागते. तान्ह्या बाळाच्या कपाळाला हात लावावा तशी मी दर थोड्या वेळाने ती रेघ बघतेय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

रेघ चढत नाही.

थंडी आहे, वाट बघू. सरांनाही तसंच वाटतं. दुपारी त्यांनी विचारलं, "स्लॅब कधी टाकायचाय?" मी म्हटलं, "सर, काल टाकला." "हो हो, पुढचा म्हणतोय मी." पुढचा मजला मंजूर झाल्याचं मला माहीत नव्हतं. चांगलंच आहे मग.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज साइटवर गेले. स्लॅबवर अंगठा दाबला तर ठसा उमटला. दोन दिवसांनी! कमी सिमेंट असलं तरी एव्हाना बूट घालून चालता यायला हवं.

स्लॅब ओतताना त्याच मालाचे ठोकळेही भरून ठेवतो, नंतर ते यंत्रात दाबून ताकद मोजायला. त्यातला एक साच्यातून काढला, तर कोपरा हातातच आला. झालंका शेजारी उभे होते. ओरडतील म्हणून मी तयार होते. ते ओरडले नाहीत, आणि त्यानेच जास्त भीती वाटली.

"मॅडम, हा चिखल आहे."

"अजून दोन दिवस..."

"खाली टेकू उभे आहेत म्हणून हा वर आहे. मंगळवारपर्यंत धरलं नाही तर मी फोडणार. मशीन सांगून ठेवतो."

घरी येऊन सगळी वजनं पुन्हा तपासली. माती जास्त पडली? मळी जुनी होती? नमुन्यांचा ओलावा मीच मोजला होता. माझ्याच हातून काहीतरी झालं असणार. या मिश्रणावर सरांनी आयुष्य घातलंय, आणि मी एका दिवसात ते मातीत घातलं. स्लॅब फुटला तर पुन्हा कुणी आमचं काँक्रीट दारात उभं करणार नाही.

जेवताना बाबा शांत होते. आई त्यांच्या पानात वाढत होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज प्लँटवर गेले. ऑपरेटरला म्हटलं, त्या दिवशी काय काय घातलंस ते मला एकदा तोंडाने सांग. तो डबा खात होता, घास तसाच ठेवून त्याने सांगितलं. माती बरोबर. मळी बरोबर. पाणी बरोबर.

"आणि औषध साहेबांनी सांगितलं तसं. दोन्ही वेळचं."

"दोन्ही वेळचं म्हणजे?"

"आधी फोन आला, रस्ता बंद आहे, औषध एवढं वाढवा. वाढवलं. मग थोड्या वेळाने परत आला. रस्ता बंद आहे, औषध एवढं वाढवा. मी म्हटलं, साहेब, अजून? तर चिडले. अजून म्हणजे काय, सांगतोय तेवढं वाढव. मग आणखी तेवढंच वाढवलं. पहिली गाडी भरायच्या आधीच."

"तुला विचित्र नाही वाटलं?"

"वाटलं ना. दोन्ही वेळेला शब्दन् शब्द तोच. पण मॅडम, साहेबांना मी काय उलट विचारणार? त्यांच्या जिवावर तर आम्ही हे शिकलो."

तो आपला डबा बंद करायला लागला. मी म्हटलं, जेव तू. दोघंही जेवलो नाही.

बसमध्ये खिडकीशी बसले आणि एकेक गोष्ट समोर येत गेली. आपण कशासाठी आला होतात. वरच्या मजल्याचं दार. स्लॅब कधी टाकायचाय. टपोऱ्या अक्षरातलं मीठ. मी हसले होते. प्रत्येक वेळी मी हसले होते.

माझा स्टॉप मागे गेला तेही कळलं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सुट्टी टाकली. बाबा लॅबला गेल्यावर, म्हणजे आई त्यांना गेटपर्यंत सोडून आल्यावर, मी म्हटलं, "आई, बाबांबद्दल विचारायचं होतं."

काय, असं त्यांनी विचारलंच नाही. वाळलेल्या कपड्यांचा ढीग मध्ये ओढला आणि म्हणाल्या, "बस."

मी घड्या घालत गेले, त्या सांगत गेल्या.

"गेल्या वर्षी त्यांनी पेपरातलं कोडं सोडवणं बंद केलं. म्हणाले, हल्ली कोडी फालतू येतात. मी ते कोडं बघितलं. सोपं होतं गं. मग एकदा बाजारातून येताना अर्ध्या वाटेत थांबले आणि म्हणाले, तू पुढे हो, मी मागून येतो. मला कळलं, त्यांना वळण आठवत नव्हतं. मी म्हटलं, थांबा, माझी चप्पल तुटलीय, हळूहळू बरोबरच जाऊ."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवून काय? दुखण्याला नाव मिळेल. नाव मिळालं की चार लोकांना कळेल. निवृत्तीला वर्ष उरलंय त्यांच्या. मानाने बाहेर पडू दे त्यांना. तेवढंच मागते."

मग मी त्यांना स्लॅबचं सांगितलं. औषध दुप्पट-तिप्पट पडलं असेल तर काँक्रीट खराब नाही, फक्त अडकून पडलंय. ओलं ठेवून वाट बघितली तर ते धरेल, आणि चांगलं धरेल. पण कारण सांगितल्याशिवाय झालंका थांबणार नाहीत. कारण सांगितलं तर बाबा उघडे पडतात. नाही सांगितलं तर उद्या चांगला स्लॅब फुटतो आणि बाबांचं मिश्रण कायमचं बदनाम होतं.

मी म्हटलं, "एक मार्ग आहे. फोन मी केले म्हणते. एक साइटवरून, एक लॅबमधून. गोंधळ माझा."

"तुझ्या नोकरीचं?"

"बोलणी बसतील. माझं वय आहे अजून."

"मग... चालेल तसं?"

त्यांच्या आवाजात आशा होती. 'छे, वेडी आहेस का' असं त्या म्हणतील असं मला वाटलं होतं. मनात कुठेतरी चटका बसला. त्यांना तो कळला असावा, कारण त्या माझ्या हातातला टॉवेल ओढून घेऊन, नीट घडी घातलेला टॉवेल पुन्हा मोडून घडी घालायला लागल्या. मग मला रागवता आलं नाही.

ठरलं. उद्या मी सांगणार.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

जसं घडलं तसं लिहिते.

दवाखान्याच्या आवारात टेम्पो उभा होता आणि त्यात फोडायची मशीन. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत आम्ही चौघं बसलो, त्या, झालंका, सर आणि मी. सर सकाळपासून माझ्याशी बोलले नव्हते. हातात एक गुंडाळलेला कागद होता.

झालंकांनी सुरुवात केली. "बाई, पाचवा दिवस आहे. माझा जीव टांगणीला लागलाय. हे कमी सिमेंटचं प्रकरण आपल्या कामाचं नाही. फोडतो, साध्या सिमेंटने पुन्हा टाकतो."

मी म्हटलं, "थांबा. दोष मिश्रणाचा नाही. औषध वाढवायची सूचना प्लँटला दोनदा गेली. माझ्याकडून. मी साइटवर होते, गडबडीत..."

"ती खोटं बोलतेय," सर म्हणाले.

त्यांनी टेबलावर कागद पसरला. सेन्सरची रेघ होती, पाच दिवसांची.

"हे बघा. सिमेंट कमी असलं की रेघ हळू चढते. हळू, पण चढते. ही चढतच नाही. म्हणजे हे काँक्रीट दुबळं नाही, त्याला अडवलंय. आणि अडवणारी एकच वस्तू आपण त्यात घालतो. काल दुपारी हे माझ्या लक्षात आलं. प्लँटला फोन केला, म्हटलं, औषध जास्त पडलंय, कुणी सांगितलं? ऑपरेटर आधी बोलेना. मग म्हणाला, साहेब, तुम्हीच. दोनदा."

ते थांबले. चष्मा काढला, परत घातला.

"मला एकच फोन आठवतो."

बाहेर टेम्पोवाला शिट्टी वाजवत होता.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची थोडी पुढे घेतली. आवाज बदलला होता, बाकावरच्या बाईशी बोलतात तसा. "सर, असं याआधी कधी झालंय?"

"ते मला कसं सांगता येणार?" सर म्हणाले. "तुम्हीच विचार करा."

मग ते वळले झालंकांकडे, आणि पुढचं सगळं आमच्या जुन्या सरांसारखं. गोणपाट ओलं ठेवा, वरून प्लास्टिक घाला, वारा लागू देऊ नका. वर कुणी पाय ठेवायचा नाही. एकही टेकू हलवायचा नाही. परवापर्यंत रेघ उठली नाही तर मी स्वतः तुम्हाला फोडायला सांगेन, आणि पहिला घाव घालायला उभा राहीन.

झालंका टोपी हातात फिरवत होते. "साहेब, तुम्ही नसतं सांगितलं तर कुणाला कळलंही नसतं."

"मग तुम्ही चांगला स्लॅब फोडला असता."

झालंका उठले, खिडकीतून टेम्पोवाल्याला ओरडले, "ए, जा परत! काही नाही झालं!" आणि आम्हाला म्हणाले, "गोणपाटावर पाणी मारायला मी स्वतः बसतो. माझ्या माणसांवर माझा भरवसा नाही."

घरी येताना बाबा आणि मी बसमध्ये शेजारी होतो. मी म्हटलं, "सर..."

"गेटच्या बाहेर आहोत आपण," ते म्हणाले.

घरात पाऊल टाकल्यावर मात्र त्यांचा आवाज चढला. नऊ वर्षांत मी तो ऐकला नव्हता. "तुम्ही दोघींनी मिळून मला ठणठणीत ठरवून टाकलं होतं! मला विचारायचं नाही? ज्याचं डोकं त्यालाच पत्ता नाही?"

आई ओट्याशी पाठमोऱ्या होत्या. तशाच म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्हाला कळलं तर तुम्ही घाबराल."

"घाबरलोच आहे."

मी माझ्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. त्या दोघांचं बोलणं त्या दोघांचं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

रेघ उठली!

आधी वाटलं, ऊन पडलंय म्हणून. पण स्लॅबवर ऊन नव्हतं, गोणपाट होतं. मग आणखी चढली. मी सरांच्या खोलीत धावले आणि सगळ्यांसमोर ओरडले, "बाबा, तापलं!"

ते संगणकाच्या पडद्यासमोर येऊन उभे राहिले, कमरेवर हात ठेवून. खूप वेळ बघत होते. मग म्हणाले, "झालंकांना कळव."

मी चपापले. हे नाव मी फक्त मनात आणि इथे ठेवलंय असं समजत होते. घरी बडबडत असणार मी.

फोन केला. पलीकडे आधी काहीच ऐकू येईना. मग कळलं, ते रडत होते. या माणसाला मी किती दिवस हसत होते.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज ठोकळे यंत्रात घातले. काटा चढत गेला, आम्हाला हवा होता त्याच्याही पुढे गेला, आणि मग ठोकळा फुटला तो असा खणखणीत आवाज करून की शेजारच्या खोलीतले लोक धावत आले. स्लॅबवर हातोडी टेकवून घेतलेली मापंही तेच सांगतात.

अहवाल मी लिहिला. विलंबाच्या कारणात 'दूरध्वनीवरील सूचनेत गफलत' असं घातलं होतं. बाबांनी वाचून ते खोडलं आणि लिहिलं, 'लॅबप्रमुखांनी एकच सूचना विसरून दोनदा दिली.' मी म्हटलं, एवढं कशाला? ते म्हणाले, "पुढच्या वेळी कुणाचं काँक्रीट असं अडकलं तर त्याला खरं कारण कळायला हवं. गफलत हे काय कारण आहे?"

काल डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या तज्ज्ञांकडे जाऊन आलो. दुखण्याला नाव मिळालं. आईंनी ते नाव एकदा उच्चारून बघितलं आणि म्हणाल्या, "एवढंसं तर आहे." गोळ्या सुरू झाल्या. बरं होणारं नाही, पण चाल मंद करता येते, असं ते म्हणाले.

नवऱ्याला सांगितलं. यावेळी फोन तुटत नव्हता, तोच बोलत नव्हता. मग म्हणाला, पुढच्या बंदरावर उतरतो.

७ मार्च, शुक्रवार

झालंका घरी आले, फळं घेऊन. मंजूर नसलेला वरचा मजला आता खरंच मंजूर झालाय. "साहेब, तिथेही हेच टाकायचं ना?"

"हिला विचारा," बाबा म्हणाले. "मी सोमवारपासून सल्लागार. सल्ला द्यायचा, फोन करायचा नाही."

सगळ्यात आधी तेच हसले, मग झालंका, मग आई. मला हसू आलं नाही. लॅबची जबाबदारी माझ्यावर आलीय हे मला असं, पाहुण्यांसमोर, हातात पाण्याचा ट्रे असताना कळलं.

२० मार्च, गुरुवार

आज टेकू काढले. मधोमधपासून कडेकडे, एकेक करून. परवानगीच्या कागदावर सही माझी. शेवटचा टेकू निघाला. छत किती खाली येतं ते मोजायची मापकं लावली होती. काटे केसाइतके हलले आणि थांबले. झालंकांनी काहीच विचारलं नाही, फक्त माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

दुपारी बाबा आले आणि त्यांच्याबरोबर आईही. चाळीस वर्षं काँक्रीटवाल्याशी संसार केला, पण आईंनी आजवर एकाही बांधकामात पाऊल टाकलं नव्हतं. साडी वर धरून, वाळू चुकवत त्या आत आल्या. रिकाम्या खोलीच्या मध्यभागी उभं राहून त्यांनी मान वर केली. फळ्यांचे ठसे उमटलेलं करडं छत.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "यासाठी चाळीस वर्षं?"

बाबा इतके हसले की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. मग त्यांनी आईंना खिडकीजवळ नेलं आणि छताकडे बोट करून सांगायला लागले, मातीचा कण पाण्यात काय करतो, मळी का उशिरा जागी होते. झालंकांना सांगितलं होतं तितकंच सोपं, तितकंच सुंदर. आई ऐकत होत्या, मध्येच विचारत होत्या, "पण मग पाणी जातं कुठे?" बाबांनी तेही सांगितलं.

बोलणं संपलं. बाबा थोडा वेळ छताकडे बघत राहिले. मग आईंचा दंड धरून म्हणाले, "ये, तुला दाखवतो. हे बघ, मातीचा कण असतो ना..."

मी पुढे झाले होते. आईंनी माझ्याकडे न बघता हात किंचित वर केला, थांब अशा अर्थी.

आणि बाबांनी पहिल्यापासून सांगितलेलं सगळं त्यांनी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं. शेवटी विचारलंसुद्धा, "पण मग पाणी जातं कुठे?"